उघड्या पट्ट्यातलं मीठ

पहारा-चौकी,
६ नोव्हेंबर

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

माझं आयुष्य मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता बदललं. वेळ मी मनाने सांगत नाही. चौकीच्या नोंदवहीत आमच्या टोळीतल्या दाढीवाल्या काकांनी इजा डावी नडगी, वेळ ११.१५, कारण चौकट, असं स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलंय.

झालं असं की मी जाळरेषेवर होतो. जाळरेषा म्हणजे गवताचा एक रुंद पट्टा अगदी जमिनीलगत कापून काढायचा. वणवा आलाच तर तिथपर्यंत येतो आणि खायला काही न मिळून मरतो. मी वाकून कापतोय, तेवढ्यात मीटरभर लांबीरुंदीची एक लाकडी चौकट हवेतून आली ती थेट माझ्या नडगीवर. मी तोंड उघडलं (माझं तोंड कसं उघडतं ते तुला माहीत आहे) आणि वर पाहिलं, तर एक मुलगी पाठमोरी उभी. ती वळली, धावत आली, आधी चौकट मोडली का ते पाहिलं आणि मग माझी नडगी. ताई, त्या क्रमावरच मी खलास झालो.

चौकट उचलून द्यायला गेलो तर ओरडलीच की हलवू नका. जिथे पडली तिथलंच गवत घ्यायचं असतं म्हणे. मग मी एक पाय चौकटीत ठेवून पुतळ्यासारखा उभा, आणि ती माझ्या बुटाभोवतीचं गवत कात्रीने कापून कागदी पिशवीत भरतेय. चौकट पाठमोरं उभं राहून, डोळे मिटून खांद्यावरून टाकायची, कारण उघड्या डोळ्यांनी माणूस आपल्याला हवं तेच गवत निवडतो, असं तिने मला समजावलं. कॉलेजात दोन वर्षांत मला कुणी इतकं सरळ काही समजावलं नव्हतं.

तिचं काम तुला नीट सांगतो, कारण आपल्या गोठ्याचा जीव त्यात अडकलाय. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी होऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून गवत कमरेएवढं माजलंय, आणि मागच्या उन्हाळ्यात वणवा आपल्या कुंपणापाशी येऊन गेला. बाबा म्हणतात, गुरं होती तोवर जळायला गवत होतंच कुठे. उद्यानाचे साहेब म्हणतात, गुरं रोपं तुडवतात, हरणांचा चारा खातात, आणि कोवळं गवत फुटावं म्हणून गुराखीच काड्या लावतात. आता मार्चमध्ये समिती बसणार आणि कायमचा निकाल लावणार. त्यासाठी ही बाई गवत मोजतेय. पश्चिमेच्या उतारावर तिने दोन पट्टे आखलेत, एक तारेने बंद, एक उघडा. आपल्या चौदा गुरांना त्या सगळ्या उतारावर या हिवाळ्यापुरती मोकळीक आहे. मग दोन्ही पट्ट्यांतलं गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं. चौकीत सगळे तिला गवतवाली म्हणतात. मी नाही म्हणत. मी अजून काहीच म्हटलेलं नाही.

इथे फोनला रेंज नाही, तेव्हा पत्रच लिही. कॉलेजचं सोडून काहीही विचार.

आहे तेवढी माया राहू दे. वाढवलीस तर नको म्हणणार नाही.

तुझा,
धाकटा (सध्या लंगडा)


१५ नोव्हेंबर

चि. काडेपेटीस ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी डेअरीतल्या प्रयोगशाळेत, दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्यांमध्ये बसून वाचलं आणि इतकी हसले की बरोबरच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं. आपल्या घरात ज्याच्या डोक्यात काडी ओढायच्या आधीच जाळ होतो, त्याला उद्यानाने आग विझवायला ठेवलंय, हेच आधी पचत नव्हतं. आता तर तू स्वतःच पेटलास. तुझे भावजी म्हणतात, नडगीवर चौकट बसल्यावर प्रेमात पडलास, डोक्यात बसली असती तर लग्नच झालं असतं.

पिल्लू आता तीन वर्षांचं झालं आणि प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारतं. मामा घरी का आला कॉलेज सोडून, हेही विचारून झालं. मी सांगितलं की वर्गात सर म्हणाले, गुराख्यांची गुरं म्हणजे जंगलाला जडलेला रोग. मामा उभा राहून भांडला, सरांनी माफी मागायला सांगितली आणि मामाने दप्तर उचलून बस पकडली. पिल्लाने विचारलं, मग सर काय म्हणाले. मला ठाऊक नव्हतं. तुलाही ठाऊक नसणार, कारण तू थांबलाच नाहीस. सर चुकले हे मी आजही मानते, पण तुझी ही खोड जुनी आहे. भांडण तू सुरू करतोस आणि संपवायला दुसऱ्याला ठेवून जातोस.

बरं, रागवू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे ते कळव, ते स्वतः कधी लिहायचे नाहीत. आणि त्या मुलीशी बोल रे. गवताविषयी बोललास तरी चालेल, सुरुवात कुठून तरी होते.

माझी आठवण पत्र लिहिण्याइतकी येत राहो.

तुझी,
ताई


पहारा-चौकी,
२० डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

बोललो! गवताविषयीच बोललो, पण आता ती तोलायच्या खोलीत मला वजनं वाचायला बसवते. मी आकडा वाचतो, ती लिहिते. काल मी शहात्तर वाचलं, ती माझ्याकडे बघत होती आणि तिने सदुसष्ट लिहिलं. मग स्वतःवरच चिडली आणि रबर शोधायला लागली. रबर माझ्या खिशात होतं. ते तिथे का होतं, ते विचारू नकोस.

एकदा बाबा गोठ्यातून दूध घेऊन आले तेव्हा त्यांनी तिला सरळ विचारलं की बाई, तुम्ही आमच्या बाजूच्या की साहेबांच्या. ती म्हणाली की काका, गवत ज्याच्या बाजूने बोलेल त्याच्या. बाबांना ते इतकं आवडलं की परत जाताना ते दोनदा स्वतःशीच म्हणाले.

मध्यंतरी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. आपली गुरं उघड्या पट्ट्यात फिरकेचनात. सकाळी सोडली की खाली ओढ्याकाठी जाऊन उभी, माहेरी आल्यासारखी. पट्टा राहिला वर तसाच्या तसा. ती पिशव्यांच्या ढिगावर बसून म्हणाली की गुरं आलीच नाहीत तर मोजू काय, वर्ष फुकट जाईल आणि समितीपुढे नुसते हात जोडून उभी राहीन. ताई, तिचा तो चेहरा मला बघवेना.

मग ती रविवारी आठवड्यासाठी शहरात गेली तेव्हा मी गोठ्यातून मिठाचे तीन मोठे दगड आणले आणि पट्ट्यातल्या सपाट खडकांवर ठेवून दिले. झालं! सोमवारी तांबडीने वास काढला, तिच्यामागे सगळी वरात. चाटायचं, खायचं, पुन्हा चाटायचं. आठ दिवसांत पट्टा न्हाव्याने हजामत केल्यासारखा. ती आली, बघतच राहिली आणि आनंदाने चौकट चार वेळा टाकली. मिठाचं मी तिला बोललो नाही. म्हटलं, गुरांना सुबुद्धी सुचली असं वाटू दे. ती पट्ट्यात येते मंगळवारी आणि शुक्रवारी, तेवढ्यापुरते दगड झुडपात सारून ठेवतो. झिजले की नवे आणतो.

आता आकडे ऐक. बंद पट्ट्यात जेवढं वाळलं गवत आहे, त्याचा दहावा हिस्सासुद्धा उघड्या पट्ट्यात नाही. गुरांना नावं ठेवणारे साहेबसुद्धा इतके खूश झाले की पश्चिमेच्या उतारावर या वर्षी जाळरेषा कापायचीच नाही असं त्यांनी ठरवलं. गुरं चरलीत तिथे पुन्हा माणसं कशाला लावायची म्हणे. आम्हाला सगळ्यांना उत्तरेकडे हलवलं.

आणि सगळ्यात मोठी गंमत. समितीवर कोण आहे माहीत आहे? आपले रोगवाले सर! मार्चमध्ये त्यांना गायींच्या जिभेने लिहिलेलं उत्तर वाचावं लागणार. मी समोरच्या खुर्चीत बसून बघणार आहे.

बाबांचा गुडघा थंडीने कुरकुरतो, बाबा नाही कुरकुरत. पिल्लाच्या गालाला माझ्यातर्फे चिमटा.

तुझ्या रागालोभाचा धनी,
धाकटा


२ जानेवारी

चि. धाकट्यास अ. आ.

काडेपेटी लिहिलं नाही, यावरून काय ते समज. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं नाही.

आमच्याकडे एक दूधवाले आहेत. पाण्याचा थेंब न घालणारा माणूस. पण नमुना देताना ते डबा ढवळायचे नाहीत, वरवरचं दूध द्यायचे. वर साय असते, तेव्हा त्यांच्या दुधाचा कस नेहमी भारी यायचा. दूध त्यांच्याच गायीचं, अगदी खरं, आणि तरी आमच्या वहीतला आकडा खोटा. हे लक्षात यायला मला सात महिने लागले. विचारलं तर त्यांना खरंच धक्का बसला, ते म्हणाले की चांगलं तेच द्यावं ना देणाऱ्याने.

तू तेच केलंयस राजा. तिने तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, चौकट डोळे मिटून का टाकतात ते. मिठाजवळ गुरं उभी राहणारच. पण बाकीच्या उताराचं काय? ती पट्ट्यात रमली असतील तर बाकी उतारावर कोण चरलं? एकदा जाऊन बघ. आणि जे दगड मंगळवारी न् शुक्रवारी झुडपात सारावे लागतात, ते ठेवण्यात काही वाईट नाही असं मला सांगू नकोस.

तिला आत्ताच सांग. आज फार तर रागावेल, पट्टा नव्याने आखेल. जानेवारी आहे, वेळ हातात आहे. नंतर हा दुधात पडलेला मिठाचा खडा काढता यायचा नाही.

रागावलास तरी उत्तर दे.

तुझी,
ताई


पहारा-चौकी,
९ जानेवारी

ती. ताईस सा. न.

तूही प्रोफेसर झालीस म्हणायचं. गुरं आपली, गवत उद्यानाचं, जीभ गायींची. मी कुणाचं काय खोटं केलं? मीठ आपले आजोबाही ठेवायचे. बंदी उठली नाही तर बाबा पुढच्या वर्षी चौदा गुरं कुठे नेणार, हा प्रश्न तुझ्या बाटल्यांना पडत नसेल, मला पडतो.

उतार बघायला वेळ नाही. उत्तरेकडे काम फार आहे.

तू तिकडे दूध बघ, मी इकडे गवत बघतो.

धाकटा


२७ फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस अनेक आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, तुझी आई लिहायची. पण धाकटा लिहीत नसेल, म्हणून बसलो.

गेल्या शनिवारी भर दुपारी खालच्या रस्त्याकडून आग लागली. कुणी लावली की लागली, कुणास ठाऊक. पश्चिमेच्या उताराने वर आली. तिथे गुरं चरलीत, आग गुडघ्याच्या वर यायची नाही, असं सगळे धरून चालले होते. पोरं आग झोडपून विझवायच्या झोडप्या घेऊन वरच्या कडेला उभी राहिली. आग माणसापेक्षा उंच आली. बाकी पोरं मागे पळाली, दाढीवाले धाकट्याला ओढायला थांबले. त्यांचे दोन्ही हात भाजले. दवाखान्यात आहेत, डॉक्टर म्हणतात हात वाचतील पण वेळ लागेल. धाकट्याच्या नुसत्या भुवया गेल्या. आपलं मागचं कुंपण जळालं. गुरं मी आधीच सोडली होती, सगळी आहेत.

आता एक विचारायचं आहे. बाईंचा उघडा पट्टा तेवढा जळाला नाही. चहूकडे काळं आणि मध्ये तेवढाच पिवळा. साहेबांनी फोटो काढला, समितीच्या कागदाच्या पहिल्या पानावर लावणार म्हणतात. पण मी तिथे जाऊन आलो. खडकांना चाटल्याच्या खुणा आहेत. आपलं वर्षाचं मीठही माघातच संपलंय. धाकटा दगड नेतो ते मला माहीत होतं, मला वाटलं बाईंनीच मागवले असतील, तेव्हा बोललो नाही. मीठ एका जागी ठेवलं की गुरं तिथून हलत नाहीत, बाकी रान तसंच राहतं. म्हणून माझे वडील दर तीन दिवसांनी दगड पुढे सरकवायचे. गुरं मिठामागे, गवत गुरांपुढे, अख्खा डोंगर सारखा चरून व्हायचा. हे पोराला मी शिकवलं नाही. तो शाळेत होता तेव्हा, आणि मग बंदीच आली.

बाईंना मिठाचं माहीत आहे का, हे त्याला विचारलं तर तो उठून गेला. जेवत नाही. तू विचार. तुझं तो ऐकतो.

गुडघा ठीक आहे.

तुझे,
बाबा


पहारा-चौकी,
४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं बरोबर होतं. हे एवढं लिहायला मला तीन कागद लागले.

आग गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी अख्खा उतार चाललो. जळालेल्या गवताचे बुडखे सांगतात किती दाट होतं ते. पट्ट्यापासून वीस पावलांवर माझ्या बोटाएवढे जाड बुडखे. तिथे एकही गाय दोन महिन्यांत गेलेली नाही. आणि तिथेच काका उभे होते. मला म्हणाले होते की तू मागे हो, माझं अंग जाड आहे. मग जाळ आला आणि मी जागचा हललोच नाही, ताई. एरवी कुणी ब्र काढला की निघून जाणारा मी, तिथे खिळून उभा. त्यांनी मला ओढलं.

पण सगळ्यात वाईट हे नाही. ती तोलायच्या खोलीतून बाहेरच येत नाही. तिला कळत नाही की तिच्या आकड्यांप्रमाणे जे गवत नव्हतंच, ते जळालं कसं. तिला वाटतं तिचंच चुकलं. सगळ्या जुन्या पिशव्या काढून पुन्हा तोलतेय. तराजू दुरुस्तीवाल्याला बोलावून तपासून घेतला. परवा मला म्हणाली की बहुतेक मला हे काम येतच नाही, काकांचे हात माझ्या आकड्यामुळे भाजले. आणि मी समोर बसून वजनं वाचतोय. शहात्तर, एकोणऐंशी, चौऱ्याहत्तर. माझा आवाजसुद्धा कापला नाही, याचीच मला लाज वाटते.

समिती १८ तारखेला आहे. मी काय करू? एकदा वाटतं गप्प बसावं. पट्ट्याचा फोटो आहे, बंदी उठेल, बाबांची गुरं वाचतील. मग डोळ्यांपुढे येतं की बंदी उठली तर साहेब सगळीकडच्या जाळरेषा बंद करतील आणि गुरांच्या भरवशावर माणसं उभी राहतील. पुढच्या वेळी बरोबर काका नसतील.

एकदा वाटतं, थेट समितीपुढे उभं राहावं. बाबांनी मला मीठ सरकवायचं सांगितलंय. सरांच्या तोंडावर सांगतो की रोग गुरांत नाही, गुरं कशी चारायची ते विसरण्यात आहे. भाषण मनात तयार आहे, टाळ्या पडतील असं.

आणि तिला मी एक चार पानी पत्र लिहिलंय. हे सगळं तिच्यासाठी केलं, तिचा रडवेला चेहरा बघवला नाही म्हणून, असं सगळं आहे त्यात. ते आधी द्यावं का?

जानेवारीत जे लिहिलं ते परत घेतो. तुझ्या बाटल्यांचीही माफी मागतो. लवकर लिही.

तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

आधी तुझ्या भुवयांचं सांग. उगवताहेत का? पिल्लू विचारतंय की मामाला भुवया नाहीत तर तो रागावतो कसा. मी म्हटलं, सध्या रागावत नाहीये. तेव्हा त्याला काळजी वाटली. मलाही.

बाबांचं पत्र आलं होतं. आई गेल्यावर त्यांनी मला लिहिलेलं हे पहिलंच. ते जपून ठेवलंय.

आता ऐक. भाषण नको. टाळ्यांचं तर मुळीच नको. मीठ सरकवायची युक्ती खरी असेल, कामाचीही असेल, पण कबुलीच्या ताटात ती वाढून नेलीस तर लोक तेवढीच खातील. आणि तू पुन्हा शहाणा ठरशील. आधी चूक सांग. अक्कल नंतर कुणी विचारली तर.

समितीपुढेही नको, म्हणजे आधी तिथे नको. चारचौघांत, सरांसमोर तिला हे पहिल्यांदा कळलं तर ती उभ्या जागी कोसळेल. एकटीला सांग, आणि १८ च्या आधी सांग, म्हणजे पुढे काय करायचं ते तिच्या हातात राहील. त्या दूधवाल्यांना आम्ही विचारलं तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली होती. खोडायचा आकडा त्यांनी मला स्वतः दाखवला. ते आजही आमच्याकडे दूध घालतात आणि डबा इतका ढवळतात की लोणी निघेल.

राहिलं ते चार पानी पत्र. राजा, ते देऊ नकोस. हे तुझ्यासाठी केलं, असं तिला सांगितलंस तर काकांच्या हातांतला अर्धा वाटा तिच्या पदरात टाकशील. तिने मागितलं नव्हतं. तुझं प्रेम खरं आहे हे मला कळतं, तुझी पहिली दोन पत्रं मी तुझ्या भावजींना चोरून पुन्हा वाचते. पण त्या दिवशी ते खोलीबाहेर ठेव.

ती रागावेल. कदाचित बोलणारच नाही. तू फक्त एक कर. ती बोलत असताना उठून जाऊ नकोस. शेवटपर्यंत ऐक, कितीही वाईट बोलली तरी. तेवढं जमलं तर मी समजेन कॉलेज पूर्ण केलंस.

जमलं तर ये आमच्याकडे, नाही जमलं तरी ये.

तुझी,
ताई


पहारा-चौकी,
१४ मार्च, सकाळ

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. भुवया उगवताहेत, उजवी आधी, त्यामुळे मी सतत कुणावर तरी संशय घेतोय असा दिसतो.

काल दवाखान्यात गेलो. काकांना आधी सांगायचं होतं. दोन्ही हात बँडेजमध्ये, उशांवर ठेवलेले. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ते ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले की आधी माझं नाक खाजव, कधीची खाज सुटलीय, पण तुला मध्ये तोडावंसं वाटेना. मी खाजवलं. मग म्हणाले की हात मोकळे असते तर तुला एक ठेवून दिली असती, आणि मग आपणच पाठीवरून हात फिरवला असता, दोन्ही राहिलं. मला रडू आलं. त्यांनी मला उन्हात जाऊन बसायला सांगितलं. दर रविवारी येऊन पेपर वाचून दाखवायचा, ही शिक्षा. निघताना एवढंच म्हणाले की त्या पोरीला आणखी एक दिवस आकडे मोजायला लावू नकोस.

येताना गोठ्यावर थांबलो. बाबा तांबडीची धार काढत होते. त्यांना म्हटलं की मी सांगितलं तर बंदी राहील कदाचित. ते धार काढत राहिले. तांबडीच्या कासेकडे बघतच म्हणाले की गाय खोटं बोलत नाही, तिच्या तोंडून तू बोललास, ते बरं दिसत नाही. गुरांचं काय करणार, असं मी विचारलं. म्हणाले की निम्मी ठेवू, निम्मी तुझ्या मावशीच्या गावी पाठवू, तिकडे पाणी आहे. हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं असावं, कारण उत्तर फार पटकन आलं. मग चरवी माझ्या हातात देऊन उठले, आणि उठताना पहिल्यांदाच माझ्या खांद्याचा आधार घेतला. गुडघा ठीक नाही, ताई. तुझ्याशी ते खोटं बोलतात.

आता सकाळचे साडेआठ झालेत. आवारापलीकडे तोलायच्या खोलीची खिडकी तिने मघाशी उघडली. पिशव्यांचा आवाज येतोय. ती पुन्हा पहिल्यापासून तोलायला बसली असणार.

रात्रभर वाक्यं जुळवत नव्हतो, हे तुला मुद्दाम सांगतो. गाढ झोपलो. मीठ उघड्या पट्ट्यात मी ठेवलं, डिसेंबरपासून, तुम्ही यायच्या दिवशी लपवून. एवढं सांगायचं. आणि एक गोष्ट मात्र तू लिहिली नव्हतीस, ती माझी मी घातलीय, चालेल का बघ. तिला सांगणार आहे की तुमचा तराजू बरोबर आहे. तुम्ही एकदाही चुकला नाहीत. मला वाटतं तिला ते सगळ्यात आधी कळायला हवं, माझ्या चुकीच्याही आधी.

सर १८ ला असतील. तिने मला समितीपुढे उभं राहायला सांगितलं तर राहीन, त्यांच्यासमोरही. नको म्हणाली तर बाहेर बसेन. तिने मला उद्यानातून घालवून दिलं तर तुझ्याकडे येईन, पिल्लाच्या सगळ्या का-ची उत्तरं घेऊन. नाही, ती माझ्याकडे नाहीत. पण ऐकून घेईन सगळे प्रश्न.

चार पानी पत्र ट्रंकेत तळाशी आहे. तू असतीस तर पाठीत धपाटा घालून ढकललं असतंस. तो घातलास असं धरून चालतो.

माझ्यावरची माया आज जरा जास्तच लागणार आहे, तेवढी राखून ठेव.

खिडकीतून तिने एकदा इकडे पाहिलं. उशीर का झाला असं तिला वाटत असेल, मी वजनं वाचायला आठलाच जातो. पाकीट चिकटवून वाटेत पेटीत टाकतो. बूट घातलेत. निघालो, दार लावून घेतो.

तुझा,
धाकटा